डोळा राहिलेला करकोचा

खोआतकाका बोलायचे कमी आणि ऐकायचे जास्त. माणसांचं नव्हे, पाण्याचं. त्रा ली नदीच्या बांधावर त्यांची एक खोली होती, खोलीला पडवी होती, आणि पडवीसमोर बांधात बसवलेलं एक मोठं लोखंडी चाक होतं. ते चाक फिरवलं की मोरीचा दरवाजा वर उचलला जायचा आणि नदीचं पाणी आमच्या खाचरांत शिरायचं. एकतीस वर्षं ते आमच्या गावचे पाटकरी होते.

समुद्र आमच्यापासून लांब नाही. भरती चढताना आधी गोडं पाणी मागे रेटलं जातं. ते घ्यायचं असतं. त्याच्या मागोमाग खारं येतं. ते येऊ द्यायचं नसतं. दोहोंच्या मधली वेळ कधी तासाभराची असते, तर कधी एक विडी ओढून होईल एवढीच. काका पायरीवर उकिडवे बसायचे, ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावायचे, थुंकायचे, परत लावायचे. मग उठून चाक फिरवायचे. एकतीस वर्षांत एकदाही आमच्या रोपांना मीठ लागलं नाही. माझी बदकं ज्या पाण्यात वाढली ते पाणी त्या माणसाच्या जिभेनं निवडलेलं होतं. वेळ चुकणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांच्या बाबतीत जे झालं ते मला अजून पचत नाही.

त्यांची बायको न्यानकाकू. काका जितके मुके तितकी ती बोलकी. तिचं हसू बांधाच्या या टोकाला सुरू झालं की त्या टोकाला माझी बदकं माना वर करायची. बाजारात गेली की मुद्दाम वाकडी वांगी घ्यायची, टवका गेलेला वाडगा घ्यायची. म्हणायची, "चांगल्याला कुणीही नेतं. याला मी नाही नेलं तर बिचारं इथंच बसेल." आणि वर हसून काकांकडे बोट दाखवायची, "यांनाही मी असंच उचलून आणलं."

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात ती वारली.

आमच्याकडे घराण्याच्या पूर्वजांचं देवघर थोरल्या भावाच्या घरी असतं. काका तीन भावांतले धाकटे, त्यामुळे त्यांच्या भिंतीवर तोवर कधी देवघराची फळी नव्हती. न्यानकाकू गेली तेव्हा त्यांनी स्वतः फळी ठोकली आणि चिनी मातीचा राखवाडगा आणायला मला बरोबर घेऊन तालुक्याला गेले. वाडग्याच्या तळाशी गेलेल्या माणसाच्या नावाची चिठ्ठी ठेवायची, वर भाताच्या पेंढ्याची राख भरायची, राखेत उदबत्ती उभी करायची. मग ते माणूस तिथं राहायला येतं. दुकानदारानं निळ्या नक्षीचे दहा-बारा वाडगे समोर मांडले. काकांनी एक उचलला.

"काका, तो ठेवा. त्याच्या करकोच्याला डोळा काढायचा राहिलाय," दुकानदार म्हणाला.

"म्हणूनच घेतोय. चांगला नेला तर ती विचारेल, सगळ्यांना आवडतो तोच बरा दिसला होय तुम्हाला?"

त्या दिवसापासून काका बोलायला लागले. सकाळी तीन उदबत्त्या लावायचे आणि फळीकडे तोंड करून सांगायचे, "आज पाणी जड आहे गं." किंवा, "होईची दोन बदकं मुंगसानं नेली." होई म्हणजे मी. मी कुंपणाबाहेरून ऐकत असे. ती जिवंत असताना त्यांनी तिच्याशी एवढं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

मग बांध रुंद करायचं निघालं. चाकाच्या जागी विजेवर चालणारा दरवाजा येणार होता आणि बांधावरची घरं पाडायची होती. काकांना तालुक्याच्या गावाबाहेर नव्या वसाहतीत दोन खोल्यांचं घर मिळालं. तिथं कालवा नाही, नाला आहे. तरी काका कुणाशी भांडले नाहीत. गावच्या ज्योतिषीबुवांकडे जाऊन मुहूर्त तेवढा काढून आणला. लाल कागदावर लिहून दिलं होतं: सहावा महिना, अखेरचा दिवस, सापाचा प्रहर. म्हणजे सकाळी नऊ ते अकरा. दुसऱ्या दिवसापासून सातवा महिना लागत होता. भटक्या जीवांचा महिना. त्यात कुणी नव्या घरात पाऊल ठेवत नाही. आणि जुनी खोली त्याच आठवड्यात पाडणार होते.

म्हणजे ते दोन तास चुकवून चालणार नव्हते.

आम्ही गावकऱ्यांनी सामान पोचवायचं ठरवलंच होतं. असं होतं तरी काय! एक पलंग, एक कपाट, एक पंखा, भांडी, दोन सायकली, त्यातली एक न्यानकाकूची. माझी होडी, हुंगचा ट्रॅक्टर, संपलं काम. पण त्यांची मुलगी लुयेन सायगॉनला कपड्यांच्या कारखान्यात असते. तिला सुटी मिळाली नाही. त्या दुःखात तिनं तिकडूनच सामान हलवणारी कंपनी ठरवली आणि पैसेही तिकडूनच भरले. फोनवर म्हणाली, "बाबा, सगळं तेच करतात. बांधतात, उचलतात, नेतात, लावून देतात. तुम्ही नुसतं बसून राहायचं. एवढं तरी मला करू द्या."

मुलीनं 'करू द्या' म्हटल्यावर बाप काय बोलणार?

गावात मात्र चेष्टा झाली. हुंग म्हणाला, "काका, एका पलंगाला कंपनी? उद्या दात घासायला पण माणसं बोलवाल."

"बोलवीन. तुझाच दात आधी काढायला लावीन," काका म्हणाले. त्या दिवशी ते खुशीत होते.

ट्रक सहाला यायचा होता तो साडेसातला आला. त्यातून निळे सदरे घातलेली चार माणसं उतरली. त्यांचा मुकादम क्वी म्हणून होता. चाळिशीचा, अंगानं बारीक, बोलायला फार गोड. दोन्ही हातांनी नमस्कार केला आणि म्हणाला, "काका, उशीर झाला, माफ करा. आज महिन्याचा शेवटचा दिवस, सगळ्या प्रांताला आजच घर बदलायचंय. पण काळजी करू नका, आमचं काम पद्धतशीर असतं."

आणि खरंच होतं. एकेक वस्तू ते अशी गुंडाळत होते, जणू अंडंच. प्रत्येकीला चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा. काका बघत राहिले. त्यांना व्यवस्थितपणा आवडतो. अर्ध्या तासात खोली रिकामी झाली. फक्त फळी उरली आणि फळीवरचा वाडगा.

तो काका मांडीवर घेऊन माझ्या मोटारसायकलवरून नेणार होते. तसंच ठरलं होतं. लाल फडकं धुऊन ठेवलं होतं. क्वी फळीपुढे उभा राहिला, आधी वाकून नमस्कार केला, मग मागे वळून हळूच म्हणाला, "काका, एक बोलू? बांधाचा रस्ता उखडलाय. मोटारसायकलवर धक्के बसतील, राख हलेल. राख हलली तर बरं नाही, तुम्हाला मी काय सांगणार! आमच्याकडे देवघरासाठी वेगळी लाल पेटी आहे, आतून कापूस लावलेली. ती मागे सामानात नसते, पुढं माझ्या शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसते. माझी आई गेली तेव्हा मीच ही पेटी बनवून घ्यायला लावली कंपनीला."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रस्ता खरंच उखडला होता आणि माझ्या गाडीचा मागचा झटका सगळ्या गावाला माहीत. त्यावेळी मी म्हणालो असतो की, काका, चालत जाऊ, तर आजची गोष्ट वेगळी झाली असती. पण मी म्हणालो, "माणूस बरा वाटतो."

काकांनी तीन उदबत्त्या लावल्या, सांगितलं, "चल, निघायचं. गाडीतून जायचंय तुला. मी पुढं जाऊन दार उघडतो." मग दोन्ही हातांनी वाडगा उचलून त्यांनी स्वतः त्या लाल पेटीत ठेवला. पुढं कितीतरी वेळा ते हेच म्हणत राहिले: मी माझ्या हातानं ठेवला.

आम्ही दोघं पुढं निघालो. माझ्या हातांत हँडल, काकांच्या हातांत पेटती शेगडी. नव्या घरात विझलेली चूल नेत नाहीत. पिशवीत तांदूळ, मीठ आणि पाण्याची बाटली. वाटेत काका निखाऱ्यांवर फुंकर घालत होते आणि राख माझ्या मानेवर उडत होती.

"भाजलं का रे?"

"भाजू दे. तुमचं मोरीचं चाक गेलं, आता माझी मान फिरवा."

नऊला दहा कमी असताना आम्ही नव्या घरापुढं उभे होतो. हिरवं दार, पितळी कुलूप, किल्ली काकांच्या छातीवरच्या खिशात. आत जायचं नव्हतं. आधी वाडगा, मग शेगडी, मग तांदूळ-मीठ, मग बाकीचं जग. आम्ही पायरीवर बसलो.

सव्वानऊ. साडेनऊ. रस्त्यानं तीन ट्रक गेले, तिन्ही दुसऱ्यांचे. समोरच्या दोन घरांत माणसं वाडगे घेऊन शिरत होती, धुराचा वास येत होता, पोरं ओरडत होती. काकांनी फोन लावला.

"हो काका, पोचतोच आहे. पुलावर आहे," क्वी म्हणाला.

दहाला पाच कमी. "काका, पुलावर गर्दी आहे. निघालोच."

सव्वादहा. "काका, या वळणावर आलो बघा."

काका फोन खाली ठेवून म्हणाले, "होई, हा माणूस पाऊण तास एका जागी आहे. वाहतं पाणी असं बोलत नाही. हे कुठंतरी अडवलेलं आहे."

मी म्हणालो, "कंपनीला फोन करू."

कंपनीच्या कचेरीत एक बाई होती. आवाज साखरेत घोळलेला. तिनं आकडा विचारला, तो सांगितला. तिनं थांबायला सांगितलं. थांबलो. मग म्हणाली, "काका, तुमचं सामान दुसऱ्या क्रमांकावर आहे. पहिलं पोचवून ट्रक तुमच्याकडे येईल."

"पहिलं म्हणजे कुणाचं?"

"त्याच ट्रकमध्ये अजून एका कुटुंबाचं सामान आहे ना काका. एकत्रित सेवा. आपल्या मुलीनं मान्य केलेल्या अटींत आहे."

"माझा प्रहर अकराला संपतो, पोरी."

"समजतं काका. आज सगळ्यांचाच संपतो."

त्यात तिची चूक असती तर रागावता तरी आलं असतं. काकांनी फोन मला दिला आणि शेगडीत दोन कोळसे टाकले. त्यांच्या कपाळावर घाम होता. एकतीस वर्षं भरती त्यांच्या हुकमात नव्हती, पण चाक त्यांच्या हातात होतं. इथं हातात फक्त किल्ली, आणि किल्लीचा उपयोग नाही.

दहा वाजून अडतीस मिनिटांनी ट्रक आला. क्वी उडी मारून उतरला, धावतच, लाल पेटी छातीशी धरून. "काका, झालं, वेळ आहे, बावीस मिनिटं आहेत! या, घ्या!"

काकांनी गुडघे टेकले. झाकण उघडलं. फडकं बाजूला केलं. आणि तसेच थांबले.

"काय झालं?" मी विचारलं.

त्यांनी बोटानं दाखवलं. निळा करकोचा होता, पंख होते, पाय होते. आणि त्याला डोळा होता. छान, गोल, काळाभोर डोळा.

क्वीचा चेहरा राखेसारखा झाला. मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं होतं, पण त्याच्याकडे पाहून मिटलं. तो पुटपुटला, "दोन पेट्या होत्या. दोन्ही लाल. मी डावी त्यांना... मी आकडा पाहिला होता हो, काका, मी पाहिला होता." ट्रकमधल्या त्याच्या माणसांनी काम थांबवलं. कुणीतरी डोक्यावरची टोपी काढली.

"कुणाच्या घरी?" काकांनी एवढंच विचारलं.

"नव्या बाजारामागे. थिनआजी म्हणून आहेत. इथून सहा किलोमीटर."

काकांनी परका वाडगा मांडीवर घेतला आणि माझ्या मागे बसले. आयुष्यात मी तशी गाडी चालवलेली नाही. खड्डे चुकवायचे होते, कारण मांडीवर कुणाचे तरी आजोबा-पणजोबा होते; आणि थांबायचंही नव्हतं. काका माझ्या पाठीशी बोलत होते. मला वाटलं मला सांगताहेत, पण ते वाडग्यातल्यांना सांगत होते, "माफ करा, थोडं सांभाळून घ्या, आत्ता पोचवतो तुम्हाला, माफ करा."

पोचलो तेव्हा अकराला चार कमी होते. दारात चपलांचा ढीग. आतून उदाचा धूर येत होता.

देवघरापुढं एक म्हातारी चटईवर बसून डोकं टेकवत होती. तिच्या डोळ्यांवर मोतीबिंदूची साय होती. शेजारी तिचा मुलगा हात जोडून उभा होता. उंच लाकडी देवघरात, फळांच्या आणि फुलांच्या मधोमध, आमचा आंधळा करकोचा बसला होता. तीन उदबत्त्या अर्ध्याच्या वर जळल्या होत्या. म्हातारी मोठ्यानं म्हणत होती, "हे घर तुमचं आहे. इथं बसा, इथं जेवा, इथून हलू नका."

इथून हलू नका. काका उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

मुलानं आधी आम्हाला पाहिलं. मग वाडगा पाहिला. मग देवघराकडे पाहिलं. "आई," तो म्हणाला, "आई, थांब जरा."

कळल्यावर म्हातारी चटईवरून दाराकडे वळली. तिनं विचारलं, "म्हणजे माझा नवरा बाहेर आहे?"

"माझ्या हातात आहेत, ताई," काका उंबऱ्यापलीकडून म्हणाले. "नीट आहेत. राख हलू दिली नाही."

"आणि मी कुणाला बोलावलं आत?"

"माझ्या बायकोला. न्यान तिचं नाव."

बाजूच्या घरातल्या घड्याळात अकराचे ठोके पडले. सगळ्यांनी ऐकले.

ओरडाआरडा व्हायला पाहिजे होता. मुलानं सुरू केलाही. कंपनीला फोन लावला, शिव्या घातल्या. तिकडून त्या साखरेच्या आवाजानं सांगितलं की दोन्ही वस्तू सुखरूप पोचल्या आहेत, सही झालेली आहे, तक्रार चोवीस तासांत लेखी करावी, आणि कंपनी भरपाई म्हणून दोन्ही कुटुंबांना उत्तम प्रतीचा नवा वाडगा देईल. मुलगा म्हणाला, "नव्या वाडग्यात काय तुमचा बाप बसवू?" त्यावर ती म्हणाली, "समजतं दादा." तेवढ्यात क्वी ट्रक घेऊन पोचला. आला तो अंगणातच गुडघ्यावर बसला आणि उठायला तयार होईना. म्हातारी म्हणाली, "ऊठ रे. तू बसून राहिल्यानं कोण जागेवर येणार आहे?"

मी म्हणालो, "आजी, आता सरळ अदलाबदल करू ना. हा आत, तो बाहेर."

म्हातारीनं माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या बदकांकडे पळून जावंसं मला वाटलं. "मी आत्ता त्या बाईला म्हटलं, बस, जेव, हलू नकोस. लगेच हात धरून बाहेर काढू? तुझ्या आईला कुणी असं केलं तर?"

काका म्हणाले, "ताई बरोबर बोलतात."

असं ते ठरलं, म्हणजे ठरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बसवलेल्या माणसाला हलवायचं तर आधी त्याचा कौल घ्यावा लागतो, आणि उद्यापासून सातवा महिना. त्यात कौल लावत नाहीत. आठव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी यायचं. तोवर थिनआजीच्या घराण्याच्या पाच पिढ्या तिच्याच पडवीत स्टुलावर, लाल फडक्याखाली, पाहुण्यासारख्या. आणि न्यानकाकू आत देवघरात.

निघताना म्हातारी म्हणाली, "तिला काय आवडतं खायला?"

काकांना लगेच सांगता येईना. मग म्हणाले, "कमरखाची आंबट फळं. मीठ लावून."

"इथल्या बाजारात मिळतात. देत जाईन."

वसाहतीत परत आलो तर निळ्या सदऱ्यांनी सामान गल्लीत उतरवून ठेवलं होतं. पलंग, कपाट, पंखा, दोन सायकली. घरात कसं ठेवणार? आधी वाडगा जायचा होता. काकांनी पितळी कुलपाला एकदा हात लावून पाहिला, बंद आहे ना म्हणून. शेगडी अजून धगधगत होती. ती त्यांनी स्वतः पाणी ओतून विझवली, आणि तो आवाज झाला तेव्हा पहिल्यांदा त्यांचा चेहरा हलला.

लुयेनचा फोन आला, "बाबा, गेलात का घरात? कसं केलं हो त्यांनी?"

काका म्हणाले, "फार व्यवस्थित माणसं. एक वाटीसुद्धा फुटली नाही."

तो महिना ते माझ्या बदकांच्या झोपडीत राहिले. सामान हुंगच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये पडलं. त्याच आठवड्यात यंत्र आलं आणि बांधावरची खोली पाडली. आम्ही दोघं पाहायला गेलो नाही, पण आवाज झोपडीपर्यंत आला. पंधरा दिवसांनी कंपनीचा नवा वाडगा आला, चकचकीत खोक्यात, वर निळी फीत. क्वी स्वतः घेऊन आला होता. सोबत घरच्या झाडाचे पेरू होते. काकांनी पेरू घेतले, चहा पाजला. वाडगा खोक्यातून काढलासुद्धा नाही. सकाळी उठायचे तेव्हा सवयीनं भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, "आज पाणी..." आणि थांबायचे. झोपडीच्या भिंतीवर माझी जाळी टांगलेली होती.

पौर्णिमेला आम्ही थिनआजीकडे गेलो. मृतांना जेवू घालायचा दिवस, त्याला मनाई नव्हती. काका धुतलेल्या सदऱ्यात, हातात कमरखांची पिशवी, दारात उभे राहून विचारतात, "आत येऊ का, ताई?" स्वतःच्या बायकोला भेटायला! म्हातारीनं चहा दिला. म्हणाली, "तुमची न्यान आली तेव्हापासून माझी कोंबडी रोज अंडं देते. काय बोलत असेल तिच्याशी?"

"बोलतच असेल," काका म्हणाले.

"माझा नवरा पडवीत रुसून बसलाय. जिवंतपणी पण बायकांच्या गप्पांना वैतागायचा."

काका हसले. उदबत्ती लावायला त्यांचा नंबर शेवटचा होता. आधी म्हातारी, मग मुलगा, सून, नातवंडं. काका रांगेत थांबले. त्यांची वेळ आली तेव्हा आजूबाजूला एवढी माणसं उभी होती की त्यांना पाण्याची गोष्ट सांगता आली नाही. नुसतं वाकले आणि बाजूला झाले.

आणि आठव्या महिन्याचा पहिला दिवस उजाडला.

थिनआजीनं ताटली काढून ठेवली होती. ताटलीत दोन जुनी भोकाची नाणी, प्रत्येकाची एक बाजू चुन्यानं पांढरी केलेली. एक पांढरी एक काळी पडली तर होकार. दोन्ही काळ्या पडल्या तर नकार. दोन्ही पांढऱ्या पडल्या तर ते माणूस हसतंय. होकारही नाही, नकारही नाही, परत विचारा. तीनदा विचारता येतं. तिसऱ्यानंतर वर्षभर विचारायचं नाही. हे काकांना माहीत होतं, तरी आजीनं परत सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं.

लाल पेटी आता नव्हती. या वेळी आम्ही चालत आलो होतो, बांधापासून, पहाटे निघून. काकांनी फडकं आणलं होतं.

ते चटईवर बसले. डोळा नसलेल्या करकोच्याकडे त्यांनी खूप वेळ पाहिलं. मग म्हणाले, "न्यान, घरी चलतेस?" आणि नाणी टाकली.

दोन्ही पांढऱ्या.

"हसतेय हो!" थिनआजी म्हणाली. तिला दिसत नव्हतं, मुलानं कानात सांगितलं होतं.

काकांनी नाणी उचलली, सदऱ्याला पुसली. "न्यान, चेष्टा पुरे. घर मिळालंय. दोन खोल्या आहेत. फळी मुहूर्ताआधीच ठोकून घेतलीय. चलतेस?"

नाणी ताटलीत फिरत राहिली, एक लवकर पडलं, दुसरं कडेवर गरगरलं. दोन्ही पांढऱ्या.

बाहेर पडवीत आजीची कोंबडी ओरडत होती. काकांनी तिसऱ्यांदा नाणी उचलली आणि मुठीत धरली. मूठ ताटलीवर नेली. मी त्यांना चाकापाशी असं थांबलेलं शंभरदा पाहिलं आहे, पाणी जिभेवर घेऊन, आत्ता की आत्ता नाही. पण तेव्हा त्यांना पाण्याची चव कळत असे. मूठ तशीच राहिली.

"टाका ना," म्हातारी हळूच म्हणाली.

"नको, ताई."

"अहो, टाकल्याशिवाय कळणार कसं?"

"कळलं तर मग मी काय करू?"

म्हातारी म्हणाली, "मग चिमूटभर राख तरी न्या. नव्या वाडग्यात घाला."

"तिला न विचारता? आणि विचारायला हा एकच कौल उरलाय." त्यांनी मूठ उघडून नाण्यांकडे पाहिलं. "ही मी नेली तर चालेल? पुढच्या पौर्णिमेला आणीन."

"आणि तेव्हा टाकाल?"

काकांनी नाणी छातीवरच्या खिशात ठेवली, ज्यात पितळी कुलपाची किल्ली होती. फडक्याची घडी परत नीट घातली. निघताना देवघराकडे वळून, सगळ्यांच्या समोर, एवढंच म्हणाले, "आज पाणी गोडं आहे गं." मग थिनआजीला नमस्कार करून पायऱ्या उतरले.

त्याच दुपारी ते वाडग्याशिवायच नव्या घरात राहायला गेले. शेगडी नेली, तांदूळ नेले, मीठ नेलं. फळी रिकामी आहे. तिकडं थिनआजीचा नवरा अजून पडवीतच आहे. आता दोन पौर्णिमा होऊन गेल्या. प्रत्येक वेळी ते कमरखं घेऊन जातात, चहा पितात, रांगेत उभे राहतात आणि नाणी खिशात परत घेऊन येतात. माझ्या गाडीवर मागे बसले की खड्ड्याखड्ड्याला ती किल्लीवर वाजतात. मी खड्डे चुकवत नाही. त्यांना तो आवाज हवा असतो असं मला वाटतं, पण मी विचारलेलं नाही.